मुलांच्या कॉमिक्समधल्या 'पानी'वर लाल पेन चालवावं का?

पाटीपेन्सिल (गुरुवार, रात्री १०:४०)

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते सात मुलांचा कॉमिक्स गट भरतो. शाळा सुटली की मुलं दप्तरासकट थेट इकडेच येतात. तिसरी ते सातवीची चौदा-पंधरा मुलं आहेत, मराठी शाळेतली आणि इंग्रजी माध्यमातली एकत्र. फी नाही. एका ए-फोर कागदाला घड्या घालून आठ भाग करायचे, मधोमध एक काप द्यायचा आणि दुमडायचं, की आठ पानांचं खिशात मावणारं पुस्तक तयार. त्यात मुलं आपली गोष्ट चौकटीचौकटींतून सांगतात.

गटात पाचवीतला एक मुलगा आहे. वडील एका सोसायटीत रखवालदार, घर मूळचं बीड जिल्ह्यातलं. पहिले तीन महिने तो काहीच काढत नव्हता, नुसते इतरांचे कागद दुमडून द्यायचा. मग एक दिवस त्याने 'टँकर' नावाचं कॉमिक करायला घेतलं आणि दोन आठवडे त्यातच बुडालेला होता. गावाकडची आजी, उन्हाळा, टँकरची वाट. तिसऱ्या पानावरच्या रांगेत एकही माणूस नाही. माणसं सावलीला गेलीत आणि त्यांच्या जागी त्यांचे हंडे, घागरी, कळश्या रांगेत उभ्या आहेत. एका घागरीला फडक्याची चिंधी बांधलीय, ती आजीची खूण. शेवटच्या पानावर आजी भरलेल्या रांजणाच्या झाकणावर हात ठेवून झोपलीय. मी ते पान बघून किती तरी वेळ काही बोलले नाही.

आजीच्या बोलण्याच्या फुग्यात त्याने लिहिलं होतं: "ऊठ रे, पानी आलं! घागर आन लवकर."

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका मदतीला येतात. मुलांवर त्यांचा फार जीव. त्यांनी प्रेमानेच पुस्तक तपासलं आणि अकरा ठिकाणी लाल पेनने दुरुस्त्या केल्या. 'पानी'चं 'पाणी', 'आन'चं 'आण'. त्याने पुस्तक दप्तरात घातलं आणि त्यानंतर तो चार वेळा आलाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांच्या कॉमिक्सच्या झेरॉक्स काढून वाचनालयात ठेवायच्यात. म्हणून विचारते: फुग्यातली भाषा आपण दुरुस्त करावी का? आणि आता मी काय करू?

---

शाईपेन (गुरुवार, रात्री १०:५८)

फुग्यात कोण बोलतंय? आजी. मग आजी बोलते तसंच राहू दे.

---

हळदुली (गुरुवार, रात्री ११:१५)

ती चिंधी बांधलेली घागर वाचून गळा दाटून आला.

---

मास्तर_सातारकर (शुक्रवार, सकाळी ६:२०)

ताई, उपक्रम उत्तम आहे, पण मी त्या बाईंच्या बाजूने बोलणार. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ज्यांच्या घरी प्रमाण भाषा बोलली जाते त्यांचं 'पानी' लिहून काही बिघडत नाही, त्यांना 'पाणी' आपोआप येतं. बिघडतं ते ह्याच मुलाचं. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा येणार, दहावी येणार, नोकरीचा अर्ज येणार. तिथे 'आजी असं बोलते' हे कुणी ऐकून घेत नाही. शिवाय ती पुस्तकं वाचनालयात ठेवणार म्हणता. शहरातली मुलं वाचून हसली तर? त्या हसण्यापासून मी माझ्या मुलांना वाचवत आलो आणि ते शुद्धलेखन घोटून घेऊनच वाचवलं. शुद्ध लिहिता येणं ही त्या लेकराची शिदोरी आहे. ती देताना हात आखडू नये.

---

अंगणवेल (शुक्रवार, सकाळी ९:०५)

सर, तुमची तळमळ कळते. तरी माझं सांगते. मी लातूरची. सहावीत 'माझी आई' निबंधात आईचं एक वाक्य ती बोलते तसंच लिहिलं होतं. वही परत आली ती त्या वाक्याखाली लाल रेघ घेऊन, आणि वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं. मुलं हसली. त्यानंतर दहावीपर्यंत माझ्या निबंधांत आई बोललीच नाही. स्वयंपाक करायची, डबा द्यायची, पण बोलायची नाही.

शुद्धलेखन मला उत्तम येतं, आज त्यावरच पोट भरते. पण ते त्या लाल रेघेमुळे आलं नाही, वाचून वाचून आलं.

आणि बहिणाबाई चौधरींच्या कविता आपण सगळे पाठ्यपुस्तकातून शिकलो. त्या खानदेशच्या बोलीतल्या आहेत. त्यांचं प्रमाण मराठी करून कुणी पुस्तकात छापलं नाही. मोठ्या माणसाची बोली चालते, मग पाचवीतल्या पोराच्या आजीची का चालू नये?

---

तिरकीरेघ (शुक्रवार, दुपारी १२:३०)

चित्रं काढणं हाच माझा धंदा आहे आणि मुलांच्या कार्यशाळाही घेते, म्हणून जरा सविस्तर.

कॉमिक्समध्ये शब्दांच्या दोन जागा असतात. एक फुगा, म्हणजे पात्राचं तोंड. दुसरी चौकटीच्या कडेची पट्टी, 'दुसऱ्या दिवशी सकाळी…' वगैरे लिहितो ती. पट्टी म्हणजे गोष्ट सांगणारा. मुलांना हा फरक सांगायला पाच मिनिटं पुरतात: फुग्यात कानाने लिहायचं, पट्टीत वहीत लिहितो तसं. सातारकर सरांना हवं ते सगळं पट्टीत शिकवता येतं. त्या मुलाच्या पुस्तकात पट्ट्या आहेत का? नसतील तर त्याला शिकवायची खरी गोष्ट तीच होती.

आता लाल पेन. त्याने दुसरंही एक नुकसान केलंय. साध्या झेरॉक्सवर लाल काळ्यासारखं उमटतं, म्हणजे प्रत्येक प्रतीवर त्या अकरा दुरुस्त्या दिसणार. पूर्वी छपाईसाठी कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलीने करायचे, कारण तो निळा कॅमेऱ्यात उमटत नसे. आजही झेरॉक्स जरा फिकट ठेवली तर तो जवळजवळ नाहीसा होतो. मुलांना कच्च्या रेघांसाठी रंगपेटीतला आकाशी द्या, पक्कं काम काळ्या जेल पेनने. नुसती शिसपेन्सिल मात्र झेरॉक्सवर पुसट येते, त्यावर विसंबू नका.

त्याचं पुस्तक उलगडून खिडकीच्या काचेवर धरा, वर कोरा कागद, आणि त्यालाच पुन्हा गिरवू द्या. तुम्ही गिरवून देऊ नका. घाई असली तरी नाही.

फुग्यांबद्दल आणखी एक. मुलं आधी चित्र काढतात, मग फुगा, मग त्यात शब्द कोंबतात. क्रम उलटा हवा: आधी शब्द, मग त्याभोवती फुगा, उरलेल्या जागेत माणूस. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे वर. आपल्या लिपीला वरती वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळी चिकटल्या की गिचमिड होते. दुरेघी वहीसारख्या रेघा त्याच आकाशी पेन्सिलीने मारून घ्यायच्या.

---

हळदुली (शुक्रवार, दुपारी ३:१०)

तिरकीरेघ, एक विचारू? माझ्या मुलाला (चौथी) गोष्टी खूप सुचतात पण चित्रकला यथातथा. चित्राच्या क्लासमधून सांगितलं की आधी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या दृष्टीने वस्तुचित्र पक्कं होऊ दे, माणसं नंतर. तोवर कॉमिक्स नको म्हणाले. तो रोज विचारतो, 'नंतर' म्हणजे कधी?

---

तिरकीरेघ (शुक्रवार, दुपारी ३:४५)

आज. आत्ता. काडीची माणसं चालतात. कॉमिक्समध्ये माणूस सुंदर दिसण्यापेक्षा तोच माणूस पुढच्या चौकटीत ओळखू येणं महत्त्वाचं. प्रत्येक पात्राला एकच खूण द्यायची: एकाला टोपी, एकीला दोन वेण्या, एकाला चौकटीचा शर्ट. एलिमेंटरी-इंटरमिजिएट जरूर द्यावी, मीही दिली. तिथे समोरची कळशी बघून काढायला शिकतात. पण कॉमिक्समध्ये ती कळशी चार चौकटींत फिरवावी लागते: डोक्यावर, कमरेवर, नळाखाली, आणि शेवटी फुटलेली. ह्याने हात जास्त सुटतो.

---

कोकणातला_बापू (शुक्रवार, रात्री ९:१८)

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथीची परंपरा आहे. ठाकर समाजातली मंडळी रामायण-महाभारतातली आख्यानं सुट्या कागदांवर रंगवतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांची एक पोथी. सांगणारा एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि गाऊन गोष्ट पुढे नेतो. परशुराम गंगावणे यांना ह्या कामासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पुण्यात राजा केळकर संग्रहालयातही जुनी चित्रकथी चित्रं आहेत, मुलांना दाखवून आणा.

मुद्दा हा की चित्रकथीच्या कागदावर फुगा नसतो. बोलणं सगळं सांगणाऱ्याच्या तोंडी. म्हणजे शब्द कानासाठीच होते. त्या पोराने आजीचं बोलणं कानाने धरून कागदावर ठेवलं, हे फार जुनं काम त्याने केलंय.

जमलं तर एकदा मुलांना आपापलं कॉमिक हातात धरून मोठ्याने सांगायला लावा. लिहिताना अडणारी मुलं सांगताना अडत नाहीत.

---

बे_दुणे_चार (शनिवार, सकाळी १०:०२)

वा बापू, पिंगुळीला जायलाच हवं.

माझं लहानपण 'टिंकल' ह्या मुलांच्या कॉमिक्स नियतकालिकावर गेलं. १९८० साली अनंत पै यांनी सुरू केलेलं. त्यात वाचकांनी पाठवलेल्या गोष्टीही येत, आणि त्यातलं भोळसट पात्र सुप्पंडी तर तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टीतूनच आला. आम्ही भावंडांनीही गोष्ट पाठवलेली, छापून नाही आली. पण पोस्टमनची वाट बघण्यात अख्खी मे महिन्याची सुट्टी मजेत गेली. आणि १९९१ पासून 'सकाळ'मध्ये 'चिंटू' ही चित्रमालिका! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. बाबांच्या हातात पेपर जायच्या आत मागून वाकून तेवढं वाचून घ्यायचो.

आता एक प्रश्न, कुणी रागावू नका. हल्ली टॅबवर ॲपला दोन ओळी सांगितल्या की चित्रं तयार मिळतात. मग घड्या, जेल पेन, खिडकीची काच हा खटाटोप मुलांनी का करायचा? खरंच जाणून घ्यायचंय, माझी मुलगी मला हेच विचारते.

---

अंगणवेल (शनिवार, सकाळी १०:४०)

त्या ॲपला 'पाण्यासाठी रांग' म्हटलं तर ते माणसांची रांग काढून देईल. माणसं सावलीला गेलीत आणि रांगेत नुसत्या घागरी आहेत, हे त्याला कोण सांगणार? ज्याने ती रांग लावली तोच. आणि आजीच्या घागरीला चिंधी असते हे तर फक्त त्या एकाच घरात माहीत.

---

बे_दुणे_चार (शनिवार, सकाळी १०:४४)

मिळालं उत्तर. लेकीला वाचून दाखवतो.

---

न्यूजर्सीची_नंदा (शनिवार, संध्याकाळी ७:३०)

इकडे हे काम बरंच रुळलंय. मायकल बिट्झ यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'कॉमिक बुक प्रोजेक्ट' सुरू केला, तोही शाळेनंतरच्या वर्गांसाठीच. मॅनहॅटनमधल्या मार्टिन लूथर किंग ज्युनियर हायस्कूलमध्ये शाळा सुटल्यावर कॉमिक्स काढणाऱ्या मुलांवर त्यांनी पुस्तकही लिहिलंय. ती बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, पण चित्रांची धाटणी 'मांगा'ची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, आणि गोष्टी स्वतःच्या. मला त्यातलं भावतं ते हे, की चित्रांआधी मुलं गोष्ट लिहून काढतात, पुन्हा पुन्हा बदलतात, एकमेकांना वाचून दाखवतात. म्हणजे लिहिण्याचा सराव भरपूर होतो, फक्त तो परीक्षेसारखा वाटत नाही. सातारकर सर, तुमच्या शिदोरीची सोय इथे आहे.

माझी मुलगी इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या गटात जाते. कॉमिक इंग्रजीत काढते, पण आवाज मराठीत! तिच्या गोष्टीत भांडं 'ठण्ण' करून पडतं आणि हवेचा फुगा 'फट्ट' फुटतो. तिची कोरियन मैत्रीण आता कोरियन आवाज लिहायला लागलीय.

---

शाईपेन (शनिवार, रात्री ८:१०)

आवाज! ह्यात आपली भाषा भलतीच श्रीमंत आहे. पाटीपेन्सिल, मुलांसाठी भिंतीवर यादी लावा. मी सुरुवात करतो: धप्प, धपाक, टुणकन, फुस्स, चर्रर्र.

---

हळदुली (शनिवार, रात्री ८:२२)

फोडणीचं 'चुर्र' वेगळं आणि पोळलं की होतं ते 'चर्र' वेगळं. खळ्ळकन, सर्रकन, सटकन.

---

कोकणातला_बापू (शनिवार, रात्री ८:४०)

नारळ पडला की 'धप', शहाळं सोलताना 'खच्च', गळ पाण्यात पडला की 'डुबुक'. पावसाची निराळी यादी करावी लागेल: टपटप, रिपरिप, भुरभुर, धो धो.

---

पाटीपेन्सिल (शनिवार, रात्री ९:०५)

सगळं उतरवून घेतेय. आवाजांवरून आठवलं. 'टँकर'च्या सहाव्या पानावर घागर भरताना त्याने तीन चौकटी काढल्यात आणि तिन्हींत आवाज वेगळा. रिकाम्या घागरीत पहिली धार: 'टण्णण'. अर्धी भरली: 'खळखळ'. गळ्याशी आली: 'गुडगुड'. मी नंतर घरी येऊन कळशी नळाखाली धरून ऐकलं. अगदी तसंच होतं.

---

मास्तर_सातारकर (रविवार, सकाळी ६:१५)

काल रात्री सगळे प्रतिसाद वाचले. अंगणवेल, तुमची आई निबंधात बोलायची थांबली, हे वाचून मला माझ्या वर्गातल्या काही वह्या आठवल्या. मीही अशा रेघा मारल्या असतील. मारल्याच आहेत.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. त्या मुलाला 'पाणी' लिहिता आलंच पाहिजे, आणि ते कुणी तरी शिकवलंच पाहिजे. तिरकीरेघ यांनी सांगितलेला पट्टी आणि फुग्याचा भेद मला पटला. शाळेत आम्ही संवादलेखन घेतो, पण पात्र कोणतंही असो, बोलणं सगळ्यांचं सारखंच. हा भेद मला तेव्हा सुचायला हवा होता.

पाटीपेन्सिल ताई, एक सुचवू का? त्या बाईंना दूर करू नका. आमच्या पिढीला दुरुस्त करणं हेच प्रेम म्हणून शिकवलेलं आहे. त्यांना मुलाशेजारी बसवा आणि फुग्यातलं वाक्य आजीच्या आवाजात वाचायला सांगा.

---

तिरकीरेघ (रविवार, सकाळी ११:००)

सर, तुम्ही आमच्या कार्यशाळेला या, खरंच.

आणि वाचून हसण्याबद्दल: शरद शर्मांची 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' ही संस्था गावोगावच्या लोकांकडून, मुलांकडूनही, चार चौकटींची भित्तिकॉमिक्स करून घेते. दोन ए-फोर कागद जोडायचे, झेरॉक्स काढायची आणि गावातच भिंतीवर लावायची. ती स्थानिक बोलीत असतात, कारण वाचणारे तिथलेच. मग ती भाषा हसण्याजोगी वाटण्याचा प्रश्नच येत नाही. 'टँकर'ची एक प्रत त्याच्या आजीच्या गावी गेली पाहिजे.

---

पाटीपेन्सिल (पुढचा गुरुवार, रात्री १०:१५)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, आज निवांत लिहिते.

सोमवारी मी आणि बाई त्याच्या घरी गेलो. बाईंनी स्वतःहून चला म्हटलं, मी धाग्यातले प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले होते. तो आधी दाराआड उभा राहिला. बाई म्हणाल्या, "मला तुझ्या आजीचं वाक्य नीट वाचता येत नाही रे, कसं म्हणायचं ते?" त्याने दाराआडूनच म्हणून दाखवलं. त्यांनी तसं म्हणून बघितलं. तो म्हणाला, "असं नाई, ओरडून. टँकर लांब असतो." मग त्या भर वस्तीत ओरडल्या. शेजारचे दोन जण खरंच हंडा घेऊन बाहेर आले. तेव्हा तो हसला.

मंगळवारी आला. खिडकीच्या काचेवर पुस्तक चिकटपट्टीने लावलं आणि संध्याकाळ मावळेपर्यंत गिरवत बसला. उजेड गेला तेव्हा चार पानं झाली होती, उरलेली आज केली. फुग्यात 'पानी' आहे, 'आन' आहे. पट्टी आधी एकही नव्हती, आता चार आहेत. एक लिहिताना बाईंना विचारत होता, "टँकरच्या टवर चंद्र पण आणि टिंब पण, दोन्ही?" बाई म्हणाल्या, दोन्ही.

घागरीवरच्या चिंधीला मात्र त्याने ह्या वेळी रंग दिलाय, लाल. म्हटलं, अरे झेरॉक्सवर काळी येईल. म्हणाला, "मग झेरॉक्सवर मी नंतर रंगवीन, सगळ्या." पंचवीस प्रती काढायच्यात. एक बीडला जाणार आहे, ती तो पहिली रंगवणार म्हणतो.

---

अंगणवेल (गुरुवार, रात्री १०:२१)

एक प्रत मला हवी. पत्ता निरोपातून कळवते.

---

मास्तर_सातारकर (शुक्रवार, सकाळी ६:०५)

मलाही. आणि लाल पेन्सिलींचा एक डबा पाठवतो आहे, पंचवीस चिंध्यांना पुरेल.